निजलेला नावाडी, नंबर नऊ

१

सोमवारी सकाळी लल्ला बेया नव्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात एका भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा आपला नावाडी नाही. ही नक्कल आहे."

सगळे म्हणजे कोण, तर एक झाडणारी बाई, एक पेंगणारा पहारेकरी आणि संग्रहालयाचे प्रमुख सी तिजानी. ('सी' आणि 'लल्ला' म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत आणि बाई.) तिजानींच्या हातातली कॉफी त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडली. पुढे दोन दिवस चोरीइतकंच त्या पँटबद्दलही मला ऐकावं लागलं.

नावाडी म्हणजे रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी जडवलेलं दीड हात लांबीचं चित्र. जुन्या रोमन काळात कुणा श्रीमंताच्या न्हाणीघरात ते जमिनीवर होतं. होडीत एक माणूस डोक्याखाली हात घेऊन झोपलाय, वल्हं सुटून पाण्यात पडलंय आणि खालून दोन मासे त्याच्याकडे बघताहेत. एवढंच. पण समुद्रकाठच्या आमच्या महदिया गावात या नावाड्यावर फार जीव आहे. मूल झोपेना झालं की आया त्याला नावाड्याची शपथ घालतात. लल्ला बेया गेली तीस वर्षं या चित्रांची निगा राखत होत्या. त्या म्हणाल्या नक्कल, तर ती नक्कलच.

मी लमजद. महदियाच्या पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी, आणि दुपारच्या झोपेबद्दल खात्यात बदनाम. बदनामी खरी आहे. जुलैत आमच्या कचेऱ्या एकवेळच्या असतात, दुपारी दोनला कुलूप. मग वाळवंटाकडून शिहिली वारा सुटतो, घरांच्या पांढऱ्या भिंती डोळ्यांत विरघळायला लागतात, आणि समुद्र कुठे संपला नि आकाश कुठे लागलं ते सांगता येत नाही. अशा वेळी जो जागा राहतो त्याच्यावर मी पहिला संशय घेतो.

या वेळी मात्र संशयित मला तयार मिळाली. जुन्या तळघरातून सगळी चित्रं नव्या इमारतीत हलवली ती जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. कोणतं चित्र आधी काढायचं, कोणतं कुठे टेकवायचं, कोणतं किती वेळ कुठे थांबवायचं, हे सगळं संगणक संस्थेतल्या ओल्फा नावाच्या मुलीच्या यंत्राने ठरवलं होतं. शिवाय सगळा वसंत ती मोजपट्टी घेऊन त्या तळघरात एकटी फिरत होती. तिजानींनी तिचं नाव घेतलं, माझ्या वरिष्ठांनी मान डोलावली. बुधवारी सकाळी तिला सरकारी वकिलापुढे उभी करायची असं ठरूनही गेलं.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. टरफलांचा ढीग पडला होता. बी एकही खाल्लेली दिसत नव्हती.

"सी लमजद," ती म्हणाली, "चोरी मी केली नाही. पण माझ्याकडून काहीतरी चुकलंय. मला ते जाणवतंय आणि सापडत नाहीये."

२

आपल्या निर्दोषपणाची खात्री देतादेता चूक कबूल करणारा आरोपी मी नोकरीत प्रथमच पाहत होतो. मी खुर्ची ओढून बसलो.

"मला कळेल अशा बेताने सांग," मी म्हटलं. "मी खात्यात आलो तेव्हा ठाण्यात टाइपरायटर होता, आणि त्याचंही मला भय वाटायचं."

ती हसली नाही. "तळघर पाहिलंयत ना? अरुंद बोळ. चित्रं उभी रचलेली, एकापुढे एक. आतलं एक काढायचं तर पुढची चार सरकवावी लागतात. चुकीचं सरकवलं की ते भिंतीला अडकतं, मागचं सगळं बंद. असं कोडं यंत्रालासुद्धा घाम फोडतं."

"मग तू ते सोडवलंस."

"मी काहीच सोडवत नाही. मी भाषांतर करते." तिने टरफलं एका बाजूला लोटली. "अवघड कोडी जगात पोत्याने आहेत. बंदरात जहाजं लावा, शाळेचं वेळापत्रक बसवा, तळघर रिकामं करा. प्रत्येकाला वेगळा हुशार माणूस कुठून आणायचा? म्हणून आमच्या लोकांनी एकच सोडवणारा बनवलाय. नियोजक म्हणतो आम्ही त्याला. त्याला जहाज कळत नाही, चित्र कळत नाही. त्याला एवढंच सांगायचं, की आत्ता काय खरं आहे. काय काय करता येतं. ते केल्यावर नवीन काय खरं होतं, आणि आधीचं काय खरं राहत नाही. आणि शेवटी आपल्याला काय हवंय. मग तो आपला आपण वाट काढतो. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, शेवटापर्यंत."

"म्हणजे तू दुभाषी."

"दुभाषी. आणि दुभाष्याने एक वाक्य गाळलं तर माणूस फुकट तुरुंगात जातो, हे तुम्हाला मी काय सांगू."

हे मला आवडलं. मुलीला धार होती. मी विचारलं, "नावाडी तळघरात कुठे होता?"

"अगदी आतल्या कोपऱ्यात, पायरीच्या वर. नंबर नऊ. एप्रिलात मी मोजलं तेव्हा त्याच्या मागे भिंतीपर्यंत हातभर पोकळी होती. मी ती रिकामी म्हणून यंत्राला सांगितली."

"ती पोकळी आणखी कुणाला माहीत होती?"

"तळघराचा नकाशा मी सगळ्यांना दाखवला होता. सी तिजानींना, हमालांच्या मुकादमाला, खालती बेयांना. लल्ला बेयांना मी खालती म्हणते, म्हणजे मावशी. सगळ्यांना दाखवत सुटले होते. फार खूश होते मी त्या नकाशावर." तिचा आवाज बारीक झाला. "बुधवारी मला आत टाकतील का हो?"

मी खोटं बोलत नाही अशातला भाग नाही, पण तिच्याशी बोलवेना.

"आज सोमवार आहे," मी म्हटलं आणि उठलो.

३

सी तिजानी मला नव्या पँटमध्ये भेटले.

"माझा या यंत्राबिंत्रावर पहिल्यापासून विश्वास नव्हता," ते म्हणाले.

"मग वापरलंत कशाला?"

"मंत्र्यांना आवडतं." त्यांनी खांदे उडवले. "हे बघा, पहिले काही दिवस मी स्वतः तळघराच्या दारात उभा राहून यंत्राच्या सूचना वाचून दाखवल्या. मग उद्घाटनाच्या तयारीसाठी मला राजधानीत जावं लागलं. पुढच्या सूचना मुकादमाच्या फोनवर बोलून येत होत्या. नावाडी मी असतानाच निघाला, थेट दालनात. माझा तोच हुकूम होता. त्याला वाटेत कुठेही टेकवायचं नाही."

"आणि सफाईच्या खोलीत?"

"तिथे डागडुजीची चित्रं गेली, मागच्या दाराने. ती खोली आता सप्टेंबरात उघडेल. शिहिलीच्या दिवसांत चुना धरत नाही, म्हणून लल्ला बेया उन्हाळ्यात तिथे कुणाला हात लावू देत नाहीत, स्वतःही लावत नाहीत. तिथली मोजदादही तेव्हाच."

मुकादम अम हसूना, म्हणजे हसूनाकाका, बंदरावर सापडला, होडीच्या सावलीत आडवा. त्याला उठवताना मला मनापासून वाईट वाटलं.

"काम कसं झालं?" मी विचारलं.

"झ्याक. ते यंत्र सांगेल ते उचलायचं, सांगेल तिथे ठेवायचं. सगळी चित्रं नमद्याच्या जाड लोकरी कापडात गुंडाळलेली, वर फक्त नंबर. आत राणी आहे का रेडा, आम्हाला काय कळतंय."

"कुठे अडलं?"

"एकदाही नाही. सांगितलेली वस्तू सांगितल्या जागी हजर. अशी नोकरी बायकोच्या हाताखालीसुद्धा मिळत नाही, सी लमजद." एवढं बोलून तो पुन्हा आडवा झाला.

लल्ला बेयांचं घर भूशिराच्या टोकाला, समुद्राकाठच्या कबरस्तानाजवळ आहे. वारा पडला की तिथे इतकं शांत होतं की आपण अजून आहोत की नाही असा प्रश्न पडतो. त्यांनी मला चिलगोजे घातलेला चहा दिला. ऑगस्टअखेर त्या निवृत्त होणार होत्या. हात बारीक, नखांत जन्माचा चुना.

"नक्कल कशावरून ओळखलीत?"

"त्याच्या डाव्या पापणीत एक दगड काळसर आहे. झोपेतसुद्धा थोडं दिसत असल्यासारखा वाटतो त्यामुळे. भिंतीवरच्याच्या पापणीत पांढरा दगड आहे. तो ठार झोपलाय."

"गुरुवारी उद्घाटनाला तुम्ही होतात. वर्तमानपत्रात फोटो आहे तुमचा, त्याच्यापासून हातभर अंतरावर."

"दिवे होते, फुलं होती, मंत्री होते," त्या म्हणाल्या. "कोण बघतंय."

"ओल्फाने केलं असेल?"

त्यांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तो कोपरा तिच्याइतका कुणाला माहीत होता? माझा नावाडी मला आणून द्या, सी लमजद. एवढंच मागते."

मी चहा संपवला आणि रस्त्यावर आलो. उन्हात एक मांजर माझ्यापुढून गेलं तेही झोपेतच चालल्यासारखं. मला राहूनराहून वाटत होतं की आज मला कुणीतरी एक खोटी गोष्ट सांगितलीय, आणि ती फार प्रेमाने सांगितलीय.

४

मंगळवारी दुपारी मी पुन्हा संस्थेत गेलो. इमारत रिकामी होती, फक्त तिसऱ्या मजल्यावर ओल्फा. तिने आपलं भाषांतर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं होतं. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि जे व्हायचं ते झालं. डोळा लागला.

स्वप्नात आमचं जुनं घर होतं. माझी बायको मुनीरा दारात उभी राहून मला निरोप देत होती. मी वळून आत बघितलं तर ती स्वयंपाकघरातही होती, मिरच्या निवडत. दोन्हीकडे तीच, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला जाऊन सहा वर्षं झालीत.

"सी लमजद. उठा." ओल्फा माझ्यापुढे उभी होती. चेहऱ्यावर रंग नव्हता. "सापडली."

"काय?"

"चूक. कोपऱ्यातून उचलण्याची कृती मी वेगळी लिहिली होती, कारण तिथे पायरी आहे. चित्र उचललं की ते गाडीवर आलं, हे मी सांगितलं. पण ते आता कोपऱ्यात राहिलं नाही, हे सांगायचं राहून गेलं." तिने कपाळावर हात मारला. "माणसाला हे सांगावं लागत नाही हो. वस्तू उचलली म्हणजे ती तिथून गेली, लहान मुलालाही कळतं. यंत्राला कळत नाही. तुम्ही खोडलं नाहीत तर त्याच्या जगात जुनं सगळं तसंच खरं राहतं. आम्ही लोक नेमकं तेच विसरतो. मिळालेलं लिहितो, गेलेलं लिहायचं राहतं."

"म्हणजे यंत्राच्या लेखी नावाडी गाडीवरही आणि कोपऱ्यातही."

"दोन्हीकडे."

अशा जगात राहायला मला आवडलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. पण आवडलं असतं, फार आवडलं असतं. निघून गेलेलं माणूस दारातून गेलंय आणि आत मिरच्याही निवडतंय. हे पोरीच्या हातून विसरलं गेलं आणि मला त्या विसरण्याचा हेवा वाटला.

"बरं," मी म्हटलं, "पण त्याने बिघडलं काय?"

"तेच तर. शेवटी काय हवंय, तिथे मी नावाड्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. नावाडी दालनात हवा, हे सी तिजानींचं. आणि नावाडी सफाईच्या खोलीत हवा, हे खालती बेयांचं. वसंतात त्या म्हणाल्या होत्या, जाण्याआधी एकदा त्याला माझ्या हाताने स्वच्छ करू दे. मी लगेच घातलं. पुढे सी तिजानींनी त्यांना नाही म्हटलं म्हणे, पण मला ते काढायला कुणी सांगितलंच नाही. खरं तर दोन्ही एकदम होणं अशक्य. यंत्राने वाट नाही म्हणून हात वर करायला हवे होते, मग मला कळलं असतं. पण पहिल्या चुकीने दुसरी झाकली. त्याला कोपऱ्यात नावाडी अजून दिसत होता, त्याने तो दोनदा उचलला. आधी दालनात पोचवला. पुढे काही दिवसांनी पुन्हा त्याच कोपऱ्यातून उचलून सफाईच्या खोलीत."

ती खुर्चीत बसली. "ही वाट चालण्यासारखीच नाही, सी लमजद. दुसऱ्यांदा नऊ नंबर उचला म्हटल्यावर हमालांना कोपरा रिकामा दिसायला हवा होता. त्यांनी मला फोन करून शिव्या घालायला हव्या होत्या. काम तिथेच अडायला हवं होतं."

मला हसूनाची होडी आठवली, सावली आठवली.

"अडलं नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."



५

अम हसूनाला मी लागोपाठ दुसऱ्या दिवशी झोपेतून उठवलं. तो मला जन्मात माफ करणार नाही.

"नऊ नंबर," मी म्हटलं. "किती वेळा उचललात?"

त्याने डोकं खाजवलं. "दोनदा. पहिल्यांदा सी तिजानी होते. पुढल्या आठवड्यात फोन पुन्हा बोलला, कोपऱ्यातून नऊ नंबर. मी म्हटलं, अरे हा तर नेला. तरी वर चढून बघितलं, तर भिंतीला टेकून होता की बसलेला. जरा आतल्या अंगाला. नंबरही तोच."

"आणि तुला नवल नाही वाटलं?"

"वाटलं ना. मग वाटलं, असेल परत आणला, शिकलेल्या लोकांचं काय सांगावं. आम्हाला उचलायला ठेवलंय, नवल करायला नाही."

"दोन्ही सारखेच होते?"

"नमदा सारखा. वजन नव्हे. पहिला हलका, एकट्या माणसाने बगलेत मारावा असा. दुसऱ्याने मात्र आमच्या कंबरा मोडल्या. मी पोरांना म्हटलं, ऊन बाधलंय तुम्हाला."

मी बंदराच्या कठड्यावर बसलो. डोळे मिटले. झोपेच्या काठावर माझं डोकं बरं चालतं, आणि या वेळी सगळं आपोआप ओळीने समोर आलं.

कोपऱ्यात दोन नावाडी होते. एप्रिलात ओल्फाने मोजलं तेव्हा मागची पोकळी रिकामी होती, तेव्हा दुसरा नंतर आला. ज्याने आणला त्याचा बेत साधा होता. खरा मागे सरकवायचा, नक्कल पुढे ठेवायची. हमाल पुढचा घेऊन जातील, तळघर रिकामं झालं म्हणून सगळे विसरतील, मग एखाद्या दुपारी, गाव झोपलं की मागचा हातगाडीवर घालून न्यायचा. बेत पक्का होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे यंत्र तीच वस्तू दोनदा मागेल. हे कुणाला सुचणार?

हलका तो नक्कल, आजकालच्या पोकळ फळीवर जडवलेला. तो दालनात गेला. जड तो खरा. तो सफाईच्या खोलीत गेला, आणि दार सप्टेंबरापर्यंत बंद. नऊ नंबर तर भिंतीवर लागलाय असं प्रत्येकाला माहीत, मग त्याला तिथे कोण शोधणार. नावाडी चोरीला गेलाच नव्हता.

मग चोर कोण?

ओल्फा असती तर तिने चोरीचा माल दोनदा उचलायला लावून हमालांच्या हातात दिला नसता. निदान चोरी उघड झाल्यावर पहिली धाव सफाईच्या खोलीकडे घेतली असती. तिजानी? उद्घाटनाचा सगळा मान त्या चित्रावर उभा होता. नक्कल उघडी पडली तर सगळ्यात आधी त्यांचीच खुर्ची जाणार. आणि पापणीतला दगड सोडला तर तीस वर्षांच्या डोळ्यालाही दुसरं काही खुपू नये, इतकी हुबेहूब नक्कल करणारा हात त्यांच्याकडे कुठला?

तीस वर्षांचा डोळा गुरुवारी हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला पापणी दिसली नाही. सोमवारी लगेच दिसली. मधल्या दिवसांत दगड बदलला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की कुणीतरी रिकाम्या तळघरात गेलं होतं, कोपऱ्यात हात घालून बघितलं होतं, आणि तिथे काही नव्हतं.

ज्याची चोरीच चोरीला गेलीय असा माणूस काय करेल? पोलिसांना बोलावेल. मी डोळे उघडले आणि लल्ला बेयांना निरोप धाडला. सफाईच्या खोलीची किल्ली घेऊन या.

६

त्या आल्या. मी ओल्फालाही बोलावलं होतं. वाऱ्याने वाळू उडत होती, संग्रहालयात पहारेकऱ्याच्या घोरण्याखेरीज आवाज नव्हता.

"ही खोली कशाला उघडायची?" लल्ला बेया म्हणाल्या. "इथे काय आहे?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी कुलूप काढलं. आत चुन्याचा आणि दमट फडक्यांचा थंड वास होता. भिंतीशी नमद्यातली चित्रं ओळीने उभी होती. मी शेवटच्या गठ्ठ्याची दोरी सोडली. नमदा घसरला, आणि नावाडी त्या अंधारात काळसर पापणीआडून आमच्याकडे अर्धवट बघत असल्यासारखा दिसला.

लल्ला बेया खाली बसल्या. पडल्या असं म्हटलं तरी चालेल.

"इथे," त्या म्हणाल्या. "माझ्याच खोलीत."

"पंधरा दिवस," मी म्हटलं. "तुम्ही दार उघडलं असतंत तर तुम्हाला मिळाला असता. कुणाला कधी कळलंही नसतं."

मी माझं सगळं मांडलं, कोपरा, वजन, गुरुवार आणि सोमवार.  मी थांबल्यावर त्या हळू म्हणाल्या, "तो काळसर दगड मला नकलेत घालवेना. घालायला घेतला आणि हात थांबला. दोघं सारखे झाले असते तर मग मी कुणाला घेऊन चालले असते?"

"पण का, लल्ला बेया?"

"तिजानी म्हणाला, आता सफाई बिफाई दहा वर्षांनी, नवी माणसं करतील. तीस वर्षं मी त्याला अंघोळ घातली, सी लमजद. नवऱ्याचं इतकं केलं नाही. मला त्याला घरी न्यायचा होता. विकायचा नव्हता हो, विश्वास ठेवा." मग त्यांनी मान वर केली. "इथे कुणी आणून ठेवला?"

"मी," ओल्फा म्हणाली.

ती आतापर्यंत दाराला पाठ लावून उभी होती. "तुम्ही म्हणाला होतात, जाण्याआधी एकदा. मी ते यंत्राला सांगितलं होतं. माझी एक चूक झाली, म्हणून त्याने ते खरं करून टाकलं."

लल्ला बेयांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं गेल्या दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होत्या.

"आणि मी पोलिसांना सांगितलं, कोपरा तिलाच माहीत," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला उद्या नेणार होते."

"हो, खालती."

 खरं सांगायचं तर माझं काम अर्धवटच झालं होतं. चित्र सापडलं होतं, पण वरिष्ठांना माझे गुरुवार-सोमवार पुरले नसते. कोपऱ्यात ती नक्कल कुणी ठेवली याला साक्षीदार नव्हता. लल्ला बेया गप्प राहिल्या असत्या तर गावाने त्यांना हार घातले असते, आणि मुलीवरचा डाग तसाच राहिला असता. हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"ती चूक तू दुरुस्त केलीस?" लल्ला बेयांनी विचारलं.

"आज दुपारी. मग यंत्राला पुन्हा तेच विचारलं. नावाडी दालनातही हवा आणि तुमच्यापाशीही."

"काय म्हणालं?"

"वाट नाही म्हणालं. एक काहीतरी सोडा."

लल्ला बेयांनी पदराने नावाड्याच्या चेहऱ्यावरची धूळ टिपली, फार सावकाश, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत. मग नमदा वर ओढून घेतला आणि दोरी स्वतःच्या हाताने बांधली.

"लिहून घ्या, सी लमजद," त्या म्हणाल्या. "नक्कल मी केली, मी ठेवली. मुलीचा काही संबंध नाही. सही कुठे करू?"

मी लिहून घेतलं. त्यांनी सही केली. मग उठायला त्यांनी आधारासाठी ओल्फाकडे हात पुढे केला. ओल्फाने तो पाहिला आणि घेतला नाही. मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देणार नाही. मीच पुढे होऊन लल्ला बेयांना उठवलं.

ओल्फा अंगणात जाऊन आईला फोन करत होती. मोठ्याने बोलत होती, वाऱ्यामुळे असेल.

"उम्मी, उद्या कुठे जायचं नाहीये. नाही, खरंच. हो, सापडला." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिली. "मी येतेय ना. जेवायला काय केलंयस?"

उत्तर काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती भिंतीच्या सावलीत खाली बसली, फोन कानाला तसाच ठेवून, आणि रडायला लागली.